‘रात्रीस खेळ चाले’ : एका दीर्घ भूतमालिकेचे गुणदोष

१

मेलेला माणूस परत येतो, ही कल्पना जगातील बहुतेक भाषांच्या कथावाङ्मयात आढळते. तो कोणत्या रूपाने येतो, हे मात्र प्रत्येक समाजाच्या स्वभावाप्रमाणे बदलते. कोठे तो स्वप्नात येऊन संकेत देतो, कोठे झाडावर वस्ती करतो, कोठे जिवंताच्या अंगात शिरून त्याच्या तोंडून बोलतो, तर कोठे स्वतःचे कलेवर ओढीत वाट चालतो. चित्रपट आणि दूरचित्रवाणी ह्या माध्यमांनी ह्या कल्पनेला नवे आयुष्य दिले. आणि दूरचित्रवाणीने तर तिला पूर्वी नसलेली एक गोष्ट दिली, ती म्हणजे लांबी. एका रात्रीत सांगून संपणारी भुताची गोष्ट वर्षानुवर्षे चालू लागली.

मराठीत अशा दीर्घ भूतमालिकेचे ठळक उदाहरण म्हणजे झी मराठी वाहिनीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका होय. तिचे पहिले पर्व फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू होऊन त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात संपले. दुसरे पर्व जानेवारी २०१९ ते ऑगस्ट २०२० असे चालले. तिसरे पर्व मार्च २०२१ मध्ये सुरू झाले, साथीच्या निर्बंधांमुळे मध्यंतरी खंडित झाले, ऑगस्टात पुन्हा चालू झाले आणि २०२२ मध्ये समाप्त झाले. मालिकेचे नाव ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) ह्या चित्रपटातील सुधीर मोघे यांच्या गीतावरून घेतलेले आहे. दिग्दर्शन राजू सावंत यांचे. संवादलेखन प्रल्हाद कुडतरकर यांचे, आणि त्यांनीच पांडू ही भूमिकाही केली. चित्रण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील वाड्यात झाले.

ह्या मालिकेविषयी बोलताना सामान्यतः दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, तिने कोकणातील जीवन आणि मालवणी बोली घरोघरी नेली. दुसरे मत असे की, तिने अंधश्रद्धेला खतपाणी घातले आणि एक चांगली कथा ताणून निर्जीव केली. दोन्ही मतांत तथ्य आहे. परंतु गुण कोठे संपतो आणि दोष कोठे सुरू होतो, हे त्यांपैकी एकानेही स्पष्ट होत नाही. प्रस्तुत लेखात त्या सीमारेषेचा शोध घ्यावयाचा आहे. त्यासाठी प्रथम मराठी भूमीतील एका फार जुन्या प्रेतकथेकडे वळणे आवश्यक आहे. कारण दीर्घ प्रेतकथा कशी सांगावी आणि कोठे थांबवावी, ह्याचे उत्तर त्या कथेत आधीच दिलेले आहे.

२

छत्रपती संभाजीनगराहून सुमारे पन्नास किलोमीटरांवर गोदावरीकाठी पैठण आहे. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’त, म्हणजे अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ग्रंथात, वेताळाच्या कथामालेचा नायक त्रिविक्रमसेन हा ह्याच प्रतिष्ठान नगरीचा राजा म्हणून येतो. पुढे लोकपरंपरेत तो विक्रमादित्य झाला, उज्जयिनीचा झाला. पण सोमदेवाने नोंदविलेले स्थान गोदातीरीचे आहे. ‘कथासरित्सागर’ ज्या ‘बृहत्कथे’वरून आला असे मानले जाते, तिचा कर्ता गुणाढ्य हाही परंपरेप्रमाणे प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाचा आश्रित होता.

गुणाढ्याची आख्यायिका भाषाभ्यासकाला विशेष उद्बोधक आहे. जलक्रीडा करताना राणीने ‘मोदकैः’ असे म्हटले. तिला ‘मा उदकैः’, म्हणजे ‘पाणी उडवू नका’, असे म्हणावयाचे होते. राजाला संधी उमगला नाही; त्याने मोदक मागविले आणि तो हास्यास्पद झाला. त्याला सहा महिन्यांत संस्कृत शिकविण्याची पैज शर्ववर्म्याने जिंकली आणि हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत व देशी ह्या तिन्ही भाषांचा त्याग केला. त्यानंतर विंध्यारण्यात त्याने पिशाचांची भाषा आत्मसात केली आणि त्या पैशाचीत सात लक्ष श्लोकांची कथा रचली. राजाने ती नाकारली, तेव्हा त्याने सहा लक्ष श्लोक वनातील पशुपक्ष्यांना ऐकवून अग्नीत टाकले. उरला तो एक लक्षाचा भाग. ह्या आख्यायिकेचा ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न येथे गौण आहे. महत्त्वाचे ते असे की, आपल्या परंपरेने भुतांना स्वतःची भाषा दिली होती आणि ती भाषा दरबाराने नाकारलेली होती. पैशाचीची लक्षणे वररुची व हेमचंद्र यांच्या प्राकृत व्याकरणांत नोंदलेली आहेत. म्हणजे भुतांच्या म्हटल्या गेलेल्या ह्या बोलीलाही व्याकरण असते, हे प्राचीन वैयाकरणांनी मान्य केले होते.

वेताळकथेची रचना सर्वपरिचित आहे. राजा झाडावरून प्रेत उतरवून खांद्यावर घेतो. प्रेतातील वेताळ एक गोष्ट सांगून प्रश्न विचारतो. राजाला उत्तर माहीत असते म्हणून त्याला बोलावे लागते. तो बोलला की प्रेत पुन्हा झाडावर. अशा रीतीने कथा पुनःपुन्हा पहिल्या जागी येते. आजच्या मालिकेचे सर्व घटक येथे आहेत : एकच चौकट, दर वेळी नवा प्रसंग, शेवटी टांगता ठेवलेला प्रश्न. तथापि ह्या मालेला अंत आहे, आणि तो अंत वरून लादलेला नाही. अखेरच्या प्रश्नकथेत बापलेकांना वाटेवर दोन स्त्रियांची पावले दिसतात. मोठ्या पावलांची स्त्री बापाने आणि लहान पावलांची मुलाने वरावी, असे ते ठरवतात. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची आणि लहान पावले आईची निघतात. ठरल्याप्रमाणे बापाचे लग्न मुलीशी आणि मुलाचे आईशी होते. आता त्यांना होणाऱ्या अपत्यांचे परस्परांशी नाते काय? राजाजवळ उत्तर नाही. तो मुकाट्याने चालू लागतो, आणि म्हणूनच प्रेत ह्या खेपेस झाडावर परत जात नाही.

म्हणजे ही दीर्घ प्रेतकथा नातेवाचक शब्द अपुरे पडतात त्या ठिकाणी थांबते. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची मराठी ‘वेताळपंचविशी’ १८३० साली छापून निघाली. तेव्हापासून मराठी वाचकाला ही रचना घरची झालेली आहे. हा वेताळ केवळ ग्रंथातच राहिला असेही नाही. दक्षिण कोकणात तो ग्रामदैवत झाला. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला भाविक केळ्यांचे घड आणि मोठाल्या चामडी चपला अर्पण करतात. तो रात्री गावाची राखण करीत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. प्रेतात शिरणारा वेताळ कोकणात असा गावचा राखणदार झाला. त्याला नाव आहे, हद्द आहे आणि गावाशी नाते आहे.

३

ह्याच्या अगदी उलट कल्पना पाश्चात्त्य ‘झोंबी’ची आहे. ह्या शब्दाचा इतिहास कॅरिबियनमधील हैतीशी जोडलेला आहे. तेथे गुलामांना उसाच्या मळ्यांत राबविले जात होते. मेल्यानंतरही ज्याला मालकासाठी राबावे लागते असा इच्छाहीन देह, ही तेथील कल्पना होती; गुलामाच्या भीतीचे ते टोक होते. अमेरिकन चित्रपटाने, विशेषतः जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ सालच्या चित्रपटाने, ह्या राबणाऱ्या देहाला माणसे खाणाऱ्या जमावाचे रूप दिले. रॉबर्ट कर्कमन यांच्या चित्रकथेवरून निघालेली ‘द वॉकिंग डेड’ ही मालिका ह्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध दीर्घ कथा होय. ती ऑक्टोबर २०१० ते नोव्हेंबर २०२२ अशी बारा वर्षे चालली. तिची ११ पर्वे आणि १७७ भाग झाले.

त्या मालिकेचे गुणदोषही येथे थोडक्यात पाहण्यासारखे आहेत. चालती प्रेते तेथे पार्श्वभूमीला आहेत. खरा विषय, राज्यसंस्था कोसळल्यावर माणसे पुन्हा समाज कसा उभारतात, हा आहे. तिचे सामर्थ्य ह्या प्रश्नात होते. परंतु एक वस्ती उभी राहते, शत्रू येतो, वस्ती मोडते, माणसे पुढे निघतात, हे चक्र वारंवार फिरू लागले. सातव्या पर्वापासून प्रेक्षकसंख्या उतरू लागली. नववे पर्व चालू असता, २०१८ मध्ये, मुख्य नायकच कथेतून बाहेर पडला आणि तरीही मालिका पुढे चार वर्षे चालली. तेथील मृतांना नाव नाही, वाणी नाही, कोणाशी नाते नाही. त्यामुळे त्यांच्याकडून कथेला विचारला जाणारा प्रश्नही नाही. मृतांजवळ प्रश्नच नसेल, तर कथा संपविण्याचे कारणही मृतांकडून मिळत नाही. ते जिवंतांना शोधावे लागते, आणि ते उशिरा सापडते.

मराठीत ‘झोंबी’ हा शब्द ह्या अर्थाने येण्यापूर्वीच होता. ‘झोंबणे’ म्हणजे अंगाशी भिडणे, आणि त्यावरून ‘झोंबी’ म्हणजे कुस्तीतील झटापट. आनंद यादव यांची ‘झोंबी’ (१९८७) ही आत्मकथनात्मक कादंबरी शिक्षणासाठी दारिद्र्याशी केलेल्या झटापटीची आहे. २०२२ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ हा चित्रपट आला, तेव्हा परका शब्द आणि डोंबिवली हे स्थलनाम ह्यांचा जोड मराठी कानाला चटकन रुचला. तरीही आशयाच्या दृष्टीने तो शब्द पाहुणाच राहिला. मराठी भूत सहसा जमावाने येत नाही; ते एकेकटे येते, आणि बहुधा कोणाचे तरी असते. समंध, मुंजा, हडळ, जखीण ह्या नावांतच मृताची सामाजिक अवस्था गोवलेली आहे. मुंजा म्हणजे मुंज होऊन सोडमुंजीपूर्वी मेलेला बटू. कोण, कोणत्या अवस्थेत, काय अपुरे ठेवून मेला, हे मराठी भुताच्या नावावरून कळते. दुसऱ्या एका मालिकेचे ‘लागिरं झालं जी’ हे नावही भूतबाधेच्या शब्दावरून आले आहे, हे त्या प्रेमकथेच्या अनेक प्रेक्षकांच्या ध्यानी आले नसेल. बाधा आणि प्रेम ह्या दोहोंना मराठीने ‘लागणे’ हेच क्रियापद लावले आहे. दोहोंतही कोणीतरी कोणालातरी लागते.

४

‘रात्रीस खेळ चाले’ ह्या मालिकेचा पहिला गुण येथेच आहे. तिने आपले भूत मराठी भुतांच्या ह्या वंशावळीत ठेवले. कथेचा आरंभ नाईकांच्या वाड्यात अण्णा नाईकांच्या मृत्यूने होतो. घरात धाकट्या मुलाच्या, अभिरामच्या, लग्नाची तयारी चाललेली आहे. मुंबईहून माधव आणि त्याची विज्ञाननिष्ठ पत्नी नीलिमा आलेली आहेत. गावी राहून जमीनजुमला पाहणारा दत्ता आहे, त्याची पत्नी सरिता आहे, विधवा झालेली माई आहे. मृत्यू एकाचा, पण त्यामुळे उघडी पडते ती सगळ्या घराची चोपडी : कोणाच्या नावावर काय, कोणाला किती, आणि कोणाचे नाव चोपडीत कधी लिहिलेच गेले नाही. वाड्यात घडणाऱ्या विचित्र गोष्टी भुताच्या की माणसाच्या, हा संशय पहिल्या पर्वाने पोलिसी तपासाच्या धाग्यासह बराच काळ तोलून धरला. प्रेक्षकाला भीती वाटत होती ती अंधाराची तितकीच वाटणीचीही.

दुसऱ्या पर्वाने उलटा प्रवास केला, आणि तो मालिकेतील सर्वांत धाडसी निर्णय म्हटला पाहिजे. कथा पुढे नेण्याऐवजी ती मागे नेण्यात आली. मेलेला अण्णा जिवंतपणी कसा होता, हे सांगण्यास आरंभ झाला. माधव अभ्यंकर यांनी उभा केलेला अण्णा हा केवळ खलपुरुष नाही. त्याच्याजवळ जमीन आहे, दरारा आहे, रसिकता आहे, आणि ह्या सर्वांच्या बळावर दुसऱ्याच्या आयुष्यावर आपला हक्क आहे अशी त्याची निश्चिंत समजूत आहे. शकुंतला नरे यांची माई ही त्या समजुतीची घरातील साक्षीदार. अपूर्वा नेमळेकर यांची शेवंता ही त्याच समजुतीची वाड्याबाहेरील साक्षीदार. भूत होण्यापूर्वीचा माणूस इतक्या विस्ताराने दाखविल्यामुळे भूत ही एक कारणपरंपरा झाली. झपाटलेपण मृत्यूनंतर सुरू होत नाही, ते माणूस जिवंत असतानाच घरात वावरत असते, हा ह्या पर्वाचा खरा शोध होय.

अण्णा आणि शेवंता यांची मुलगी सुषमा हे पात्र ह्या दृष्टीने विशेष विचारार्ह आहे. वेताळाने अखेरीस विचारलेला प्रश्न येथे वेगळ्या वेषात उभा राहतो. नाईकांच्या औरस मुलांचे आणि सुषमाचे नाते काय? रक्ताने ती बहीण आहे. पण घरात तिला त्या नावाने हाक मारण्याची सोय नाही. मराठीत अशा अपत्यासाठी ‘अनौरस’ हा शास्त्राचा शब्द आहे आणि ‘लेकवळा’ हा जुन्या सरंजामी व्यवहारातील शब्द आहे. दोन्ही शब्द त्या व्यक्तीची अवस्था सांगतात, पण एकही शब्द तिला हाक मारण्याच्या उपयोगाचा नाही. जिला हाक मारता येत नाही अशी व्यक्ती ज्या घराच्या उंबऱ्याशी उभी असते, ते घर भुताविनाही झपाटलेलेच असते. मालिकेने हा प्रश्न मांडला, हे तिचे मोठे श्रेय आहे.

दुसरा गुण बोलीचा. मालवणीचे शास्त्रीय वर्णन नवे नाही. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात कुडाळीची नोंद कोकणीच्या अंतर्गत आहे, आणि अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत १९६५ मध्ये कुडाळीवर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. रंगभूमीवर गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरणा’ने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या अभिनयाने १९८० पासून मालवणीला अफाट प्रेक्षक मिळवून दिला. तथापि त्या यशाने एक साचाही घडविला : मालवणी म्हणजे विनोदाची, शिवराळ आणि मोकळी बोली. ‘रात्रीस खेळ चाले’ने हा साचा काही प्रमाणात मोडला. येथे मालवणीत माणसे शोक करतात, धमकावतात, कट करतात, प्रार्थना करतात. ‘माका’, ‘तुका’, ‘खय’, ‘असा’ हे शब्द, आणि ‘तो गेलो’ ह्यासारखी ओकारान्त पुल्लिंगी रूपे विदर्भ-मराठवाड्यातील घरांत आठवड्याच्या बहुतेक रात्री गंभीर प्रसंगांतून ऐकू येऊ लागली. एखाद्या बोलीत दुःखही करता येते हे परक्या श्रोत्याला पटणे, ही त्या बोलीच्या प्रतिष्ठेतील महत्त्वाची पायरी होय.

पांडूच्या तोंडचा ‘इसरलंय’ हा शब्द ह्या संदर्भात लक्षणीय आहे. प्रमाण मराठीतील ‘विसरलो’ ह्याचे हे मालवणी रूप. त्यात शब्दारंभीचा ‘वि’ जाऊन ‘इ’ उरतो आणि प्रथमपुरुषाचा प्रत्यय वेगळा लागतो. पैकी पहिला ध्वनिबदल मराठवाड्यातील ग्रामीण बोलींनाही परका नाही. ‘इचार’, ‘इस्तू’ ही रूपे येथील खेड्यांत नेहमीची आहेत. हा एक शब्द महाराष्ट्रभर गाजला. त्याचे यश केवळ विनोदाचे नव्हते. ज्या घरात मृत काहीच विसरत नाहीत, त्या घरात सर्व काही विसरणारा हा एकच माणूस सुखी दिसतो. लेखक आणि नट एकच असल्यामुळे ही जोडणी साधली असावी.

५

आता दोषांकडे वळावयाचे. पहिला दोष बोलीच्या वाटणीचा आहे. मालिकेत मालवणी बोलणारी पात्रे बहुधा श्रद्धाळू, भयग्रस्त किंवा कारस्थानी आहेत. शंका घेणारी, पुरावा मागणारी नीलिमा प्रमाण मराठी बोलते. ही विभागणी हेतुपूर्वक केलेली नसेल. मुंबईत वाढलेली सून प्रमाण भाषा बोलणार हे स्वाभाविकच आहे. परंतु शेकडो भागांत हीच विभागणी कायम राहिली, तर प्रेक्षकाच्या मनात बोली आणि अंधश्रद्धा ह्यांची गाठ पडते, आणि विवेक ही शहरी भाषेची मक्तेदारी ठरते. मालवणीतून रोकडा, बुद्धिनिष्ठ संशय व्यक्त करणारे एखादे भक्कम पात्र मध्यवर्ती असते, तर बोलीला मिळालेली प्रतिष्ठा पूर्ण झाली असती. मालिका सुरू होताच सिंधुदुर्गातून आक्षेप उमटले. कोकणाची ओळख भुताखेतांचा प्रदेश अशी होत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यामागे ही अस्वस्थता होती. पुढे त्याच वाड्यापुढे पर्यटकांची रीघ लागली, ह्या गोष्टीने आक्षेपाचे निरसन होत नाही; उलट त्याला एक प्रकारे पुष्टीच मिळते.

दुसरा दोष विवेकाच्या बाजूचा. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर प्रथम अध्यादेश आणि डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरविण्याच्या निमित्ताने मारहाण करणे, साखळीने बांधणे ह्यांसारखी कृत्ये त्या कायद्याने गुन्हा ठरविली. कायदा भुताची गोष्ट सांगण्यास मनाई करीत नाही, आणि करूही नये. मराठी साहित्यातील नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांचा वारसा कोणी टाकून द्यावा असे म्हणणार नाही. प्रश्न इतकाच आहे की, पहिल्या पर्वात भूत आणि माणूस ह्यांमधील संशयाचा तोल राखून मालिकेने जी जबाबदारी पाळली, ती पुढे पाळली का? तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता ही भुते म्हणून निःसंदिग्धपणे वावरू लागली. संशय संपला. त्याबरोबर नीलिमेच्या प्रश्नांना असलेली जागाही संपली. भुताचे अस्तित्व कथेने गृहीत धरले की, भूतकथेतील विचार थांबतो आणि प्रसंगांची रांग उरते.

तिसरा दोष लांबीचा, आणि तोच सर्वांत मूलगामी आहे. लांबी हा स्वतः दोष नव्हे. वेताळाची कथामाला लांबच आहे. परंतु तेथे प्रत्येक फेरी राजाला अखेरच्या प्रश्नाकडे नेते. दैनंदिन मालिकेची फेरी दर आठवड्याच्या प्रेक्षकमापनाकडे नेते. त्या मोजपट्टीला कथेचा शेवट ओळखता येत नाही. तिला फक्त पुढला आठवडा दिसतो. परिणामी तिसऱ्या पर्वात जे घडले ते असे : ज्या अण्णाचा हिशेब व्हावयाचा होता तोच मालिकेचे प्रमुख आकर्षण ठरला. त्याची चाल, त्याची हाक, त्याचा दरारा ह्यांची पुनरावृत्ती प्रेक्षकाला हवीशी झाली. देणेकरी नायक झाला, की ज्यांचे देणे होते ती माणसे, म्हणजे माई, सुषमा, स्वतः शेवंता, त्याच्या छायेत सरकतात. शेवंतेची भूमिका करणारी नटी मध्येच बदलली. अपूर्वा नेमळेकर यांच्या जागी कृतिका तुळसकर आल्या. दीर्घ मालिकांत असे घडते, आणि त्याचा दोष कोणा नटीला देता येत नाही. पण शेवंता ही व्यक्ती नसून एक ठरावीक वेष व एक ठरावीक दृष्टिक्षेप आहे, असे कथेने आधीच मानले होते, म्हणूनच हा बदल कथेला फारसा खटकला नाही.

येथे मराठी भूत आणि पाश्चात्त्य झोंबी ह्यांतील अंतर अनपेक्षितपणे मिटते. झोंबीचे लक्षण असे की, तो देह जुन्या हालचाली करीत राहतो, पण त्यामागील इच्छा नाहीशी झालेली असते. तिसऱ्या पर्वातील भुते माणसे खात नाहीत, जमावाने हिंडत नाहीत. तरीही कशासाठी परतलो हे विसरून केवळ परतत राहणे, ह्या अर्थाने ती झोंबीच्या जवळ गेली. आरंभी ‘इसरलंय’ हा शब्द एका भाबड्या गड्याच्या तोंडी होता. अखेरीस तो मालिकेलाच लागू पडला. आपण कोणता प्रश्न विचारावयास निघालो होतो, हे ती विसरली.

६

ह्या विवेचनातून दीर्घ भूतकथेच्या परीक्षणासाठी एक साधा निकष हाती येतो. मृताला नाव, नाते आणि बोली आहे तोवर लांबी कथेला पोषक ठरते. कारण प्रत्येक नवा भाग त्या नात्यातील आणखी एक पदर उलगडतो. ही तिन्ही लक्षणे क्षीण झाली की लांबी कथेला मारक ठरते. ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या दोन पर्वांचे बळ आणि तिसऱ्याचे दौर्बल्य ह्या एकाच निकषाने समजावून घेता येते. एका मालिकेचे श्रेय आणि तिचे अपयश एकाच मुळातून निघावे, हे वाङ्मयाच्या इतिहासात अपूर्व नाही.

ह्या मालिकेचा प्रश्न मराठवाड्यातील अभ्यासकालाही जवळचा आहे. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ह्या एकपात्री प्रयोगाने मराठवाडी बोलीला जगभर श्रोते मिळाले. ‘वस्त्रहरणा’प्रमाणेच तेही यश प्रामुख्याने हास्याचे होते. मालवणीला हास्यापलीकडील प्रांत दूरचित्रवाणीवर काही काळ मिळाला, आणि त्या काळात काय साधले व काय निसटले, हे वर पाहिले. मराठवाडी बोलीत दीर्घ, गंभीर कथा सांगू पाहणाऱ्यांना हा अनुभव मार्गदर्शक ठरेल. बोली केवळ भयाच्या किंवा हास्याच्या स्वाधीन न करता तिला शंका, युक्तिवाद आणि निर्णय ह्यांचीही भाषा करावी लागेल. नात्याचा जो प्रश्न घेऊन कथा निघते, तो अखेरपर्यंत खांद्यावर वागवावा लागेल.

अभ्यासाची एक बाजूही येथे नमूद करणे योग्य होईल. दैनंदिन मालिकांचे संवाद हे एकविसाव्या शतकातील बोलींच्या सार्वजनिक वापराचे मोठे साधन आहे. त्यांतील मालवणी ही घाटगे यांनी वर्णिलेल्या कुडाळीशी ताडून पाहिली, तर परप्रांतीय मराठी श्रोत्याला कळावे म्हणून कोणती रूपे राखली गेली आणि कोणती गाळली गेली, हे दाखविता येईल. नाम, सर्वनाम आणि क्रियापदांचे प्रत्यय सहज टिकतात, विशेष शब्दसंग्रह मात्र प्रमाण मराठीकडे झुकतो, असे प्रथमदर्शनी वाटते. त्याची पद्धतशीर तपासणी हा एखाद्या प्रबंधाचा विषय होऊ शकेल.

गुणाढ्याने पिशाचांच्या भाषेत लिहिलेली कथा सातवाहनाने प्रथम नाकारली. आख्यायिका पुढे सांगते की, उरलेला एक लक्षाचा भाग घेण्यास तो स्वतः अरण्यात गेला. नाकारलेल्या बोलीतील मृतांच्या कथांना प्रतिष्ठा मिळण्यास नेहमीच विलंब लागतो, आणि तोवर त्यांचा बराच भाग जळून गेलेला असतो. ‘रात्रीस खेळ चाले’मधील उरलेला भाग, म्हणजे पहिल्या दोन पर्वांतील ते नाव, ते नाते आणि ती बोली, संग्राह्य आहे. सुषमाला त्या घरात कोणत्या नावाने हाक मारावयाची, ह्या प्रश्नाचे उत्तर मालिकेने दिले नाही, ह्याबद्दल तिला दोष देता येणार नाही. त्या प्रश्नापुढे प्रतिष्ठानचा राजाही निरुत्तर झाला असता. दोष इतकाच की, राजा निरुत्तर होताच मौन धरून चालू लागला, आणि मालिका बोलत राहिली.